दोन जबड्यांची खाडी आणि आमचं दिमोना



दिमोनात संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही चार-पाच जणी शिकूनच्या खाली बाकावर बसतो. गप्पांचे विषय तीनच: गुडघे, नातवंडं, आणि म्हातारपण कुठं काढावं. पहिल्या दोन विषयांवर एकमत होतं. तिसऱ्यावर अजून झालेलं नाही. कुणाची मुलं म्हणतात, "आई, आता अश्दोदला ये." कुणाला अलिबागची आठवण येते. कुणी म्हणते, "मी इथंच बरी, माझा डॉक्टर मला नावानं ओळखतो."

२०२३च्या फेब्रुवारीत मी एक आठवडा अशा एका गावी राहून आले, की त्यानंतर या तिसऱ्या विषयाकडे बघायची माझी नजर बदलली. गावाचं नाव खोर फक्कान. संयुक्त अरब अमिरातीत, शारजा अमिरातीचं, पण शारजा शहरापासून दूर, पूर्वेच्या किनाऱ्यावरचं. पुष्कळांनी नावही ऐकलं नसेल. मीही ऐकलं ते माझ्या बालमैत्रिणीमुळं.

आम्ही दोघी अलिबागला एका आळीत वाढलो. ती हिंदू, आम्ही बेने इस्राएल. आमच्याकडे मलिदा झाला की तिच्या घरी ताट जायचं, त्यांच्या गणपतीचे मोदक आमच्याकडे यायचे. १९६४ साली आम्ही इस्राएलला आलो, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढं तिचं लग्न झालं, आणि १९८०च्या दशकात तिचे यजमान क्रेनचे मेकॅनिक म्हणून खोर फक्कानच्या बंदरावर नोकरीला गेले. आज तिचा मुलगा त्याच गावात कामाला आहे. २०२०च्या करारानंतर आपल्याकडून दुबईला थेट विमानं सुरू झाली, तशी तिचा फोन आला: "अगं, तीन-सव्वातीन तासांचा तर प्रवास. आता नाही आलीस तर कधी येणार?"

पाच बोगदे आणि मग समुद्र

दुबईच्या विमानतळावर मुलगा गाडी घेऊन आला होता. "मावशी, डोळे मिटू नका, रस्ता बघण्यासारखा आहे," म्हणाला. खरंच होता. आमच्या नेगेवचं वाळवंट म्हणजे दगडधोंडे आणि माती. इथं सुरुवातीला तांबूस वाळूच्या टेकड्या, तुरळक झाडं, मधूनच उंट. मग एकदम उघडेबोडके, काळपट-तपकिरी डोंगर उभे राहिले. हे हजर पर्वत. २०१९ साली शारजाहून खोर फक्कानला नवा रस्ता झाला, ८९ किलोमीटरचा. वाटेत डोंगराच्या पोटातून पाच बोगदे आहेत.

मुलांनो, तुम्ही गेलात तर बोगदे मोजत जा. मीसुद्धा मोजले. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडून रस्ता उतरू लागला आणि समोर निळा समुद्र! एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मध्ये चिंचोळी पट्टी आणि त्यात गाव. मी पटकन म्हणाले, "अरे, हे तर आपलं कोकण!" मुलगा हसला. "मावशी, आईपण पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती. फक्त झाडं कमी."

खोर फक्कान हे नाव ऐकून आपल्याला डोंगरातलं खोरं आठवतं, पण अरबीत खोर म्हणजे खाडी आणि फक्कान म्हणजे दोन जबडे. दोन जबड्यांची खाडी! किनाऱ्यावर उभं राहिलं की नाव पटतं. दोन्ही बाजूंनी डोंगराचे सुळके समुद्रात शिरलेत आणि मधलं पाणी त्यांच्या तोंडात धरल्यासारखं शांत आहे. हा समुद्र ओमानच्या आखाताचा. तो पुढं अरबी समुद्राला मिळतो, म्हणजे पलीकडच्या काठावर आपलं रेवदंडा आणि अलिबाग.

जुनं गाव, जुनी ओळख

गाव आजचं नाही. १५०७ साली पोर्तुगिजांचा अल्बुकर्क आरमार घेऊन आला आणि त्यानं हे बंदर लुटलं, जाळलं. त्या वेळच्या पोर्तुगीज लिखाणात इथं राहणाऱ्या गुजराती व्यापाऱ्यांचा आणि आजूबाजूच्या बागांचा उल्लेख आहे. म्हणजे हिंदुस्थानची माणसं पाचशे वर्षांपूर्वीही इथं होती. आमच्या रेवदंड्यालाही पोर्तुगिजांचा कोट आहे, त्यामुळं ही कथा मला परकी वाटली नाही.

पुढं १६६६ साली एक डच जहाज इथं थांबलं. त्याच्या नोंदवहीत लिहिलंय की किनाऱ्यालगत खजुरीच्या झावळ्यांची सुमारे दोनशे घरं आहेत, पोर्तुगिजांचे किल्ले मोडून पडलेत, मागं खजुरीचं सुंदर खोरं आहे, आणि झाडांखालच्या विहिरींचं पाणी गोड आहे. हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वाळवंटात गावं पाण्यापायी वसतात, आणि माणसं नोकरीपायी." तिचं हे वाक्य मी लक्षात ठेवलंय.

आता नोकरी देतं ते बंदर. १९७९ साली इथं कंटेनरचं बंदर सुरू झालं. पाणी नैसर्गिकच खोल आहे. आणि नकाशा काढून बघा, हे गाव होर्मूझच्या सामुद्रधुनीच्या बाहेर आहे. मोठ्या जहाजाला त्या चिंचोळ्या वाटेनं आत शिरावं लागत नाही. इथंच माल उतरवायचा आणि परत फिरायचं. मैत्रिणीच्या यजमानांनी त्या क्रेन जवळजवळ पंचवीस वर्षं दुरुस्त केल्या.

एका म्हातारीचा दिवस

मी तिथं पर्यटक म्हणून गेले नव्हते, मैत्रिणीच्या घरी राहिले. तिचा दिवस तोच माझा दिवस.

सकाळी साडेसहाला आम्ही समुद्रकाठच्या रस्त्यावर चालायला जायचो. तिकडे त्याला कॉर्निश म्हणतात. सपाट वाट, मध्ये पायरी नाही, दर थोड्या अंतरावर बाक, सावलीला खजुरी, स्वच्छ संडास. आमच्या वयाच्या माणसाला आणखी काय हवं? कुठं गेलं तरी मी आधी या तीन गोष्टी बघते: बाक, सावली आणि संडास. बाकी सगळं नंतर.

किनाऱ्यावर कोळी जाळं ओढताना दिसले. होडीनं अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर ओढायची. तिकडे याला यारूफ म्हणतात. आपल्या कोकणातली रापणच ही! पूर्वी माणसं ओढायची, आता दोर गाडीला बांधतात. तारली चमचम करत वाळूवर आली तेव्हा आम्ही दोघी जणू सात वर्षांच्या झालो.

परतताना चहा. टपरीवरचा पोरगा केरळचा. तिथले अरबसुद्धा त्या चहाला "करक" म्हणतात. म्हणजे आपला कडक चहा! दूध, साखर, वेलची घालून उकळलेला. आपला शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिथलाच होऊन बसला.

दुकानात तूरडाळ, कोकम, पोहे, कढीपत्ता सगळं मिळतं. भारतीय माणूस पावलोपावली, मल्याळी सगळ्यांत जास्त. गावात इंडियन सोशल क्लब आहे. मराठी मात्र थोडे. मैत्रीण म्हणते, "हिंदी बोलून बोलून माझी मराठी मुकी झाली. म्हणून तुला बोलावलं."

गावात सरकारी इस्पितळ आहे. तिला रक्तदाबाचा त्रास, पण इस्पितळ गाडीनं दहा मिनिटांवर. इथं मी मनातल्या मनात दिमोनाशी तुलना केली आणि गप्प बसले. आमच्याकडे कुपात-होलिमचे दवाखाने आहेत, पण इस्पितळ म्हटलं की सुमारे ३५ किलोमीटरवरचं बेर-शेवा गाठावं लागतं. रात्री छातीत दुखलं तर ते ३५ किलोमीटर किती लांब असतात, हे आम्हाला माहीत आहे.

मुलांसाठी काय आहे?

नातवंडं बरोबर असली तर गाव आणखी आवडेल. गावाजवळच डोंगरात रफीसा धरण आहे. वाळवंटात धरण कशाला, असं विचाराल. तिथं पाऊस कमी, पण पडतो तेव्हा डोंगरावरून एकदम लोंढा येतो, आपल्या नेगेवच्या नहालांत हिवाळ्यात येतो तसा. धरण तो लोंढा अडवतं आणि पाणी हळूहळू जमिनीत मुरतं, म्हणजे विहिरी जगतात. तळ्यात बदकं आहेत, छोट्या होड्या आहेत. आम्ही दोघी पायडलची होडी घेऊन बसलो आणि पाय दुखल्यावर मध्येच थांबलो. मग मुलानं दुसऱ्या होडीतून येऊन आम्हाला काठाला लावलं. सगळे हसत होते, आम्ही सर्वांत जास्त.

२०२० साली समुद्रासमोर रोमन पद्धतीचं दगडी उघडं नाट्यगृह बांधलं. ३,६०० माणसं बसतात. शेजारी डोंगरावरून उंच धबधबा पडतो, पण तो माणसानं केलेला. "नळाचा धबधबा," मैत्रीण म्हणते. मला मात्र आवडला. उन्हाच्या देशात पाण्याचा नुसता आवाजसुद्धा सुख देतो. डोंगरमाथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर, 'अल सुहुब' म्हणजे ढग नावाचं विश्रांतिस्थान आहे. तिथून सगळं गाव, बंदर, आणि जवळचं शार्क बेट दिसतं. बेटाच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे, ते बघायला लोक बुडी मारतात.

शारजात २०२२पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सरकारी सुट्टी असते. त्या दिवसांत कॉर्निशवर गर्दी होते. आमच्यासारख्यांनी सोमवार ते गुरुवार जावं. उन्हाळ्यात चुकूनही जाऊ नये. पारा ४० अंशांच्या वर जातो आणि समुद्राची दमट हवा अंगाला चिकटते. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखाची. शारजात दारूला बंदी आहे, कपडे अंगभर घालावे. आणि निघण्याआधी आपल्या सरकारची प्रवासाची सूचना जरूर बघावी.

"सगळं आहे गं, पण..."

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाकावर बसलो होतो. समोर बंदराचे दिवे लागले होते. मी म्हणाले, "तू भाग्यवान. समुद्र, इस्पितळ, बाग, मुलगा जवळ. म्हातारपणाला याहून चांगलं गाव कुठं मिळणार?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सगळं आहे गं. पण माझं राहणं कागदावर आहे. दर वर्षी तो कागद नवा करावा लागतो. मुलाची नोकरी आहे तोवर मी आहे."

मग तिनं मला सगळं समजावलं. तिथं बाहेरून आलेल्या माणसाचं राहणं नोकरीशी बांधलेलं असतं. तिच्या यजमानांची नोकरी साठाव्या वर्षी, २००९ साली संपली, तसा राहण्याचा परवानाही संपला. पेन्शन परदेशी कामगाराला नसते. ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागं २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढं दर वर्षामागं ३० दिवसांचा. ती रक्कम घेऊन दोघं अलिबागला परतली. घर बांधलं. नऊ वर्षांनी यजमान गेले. मग मुलानं तिला आपल्याकडे आणलं. आईवडिलांना ठेवून घेता येतं, पण त्यासाठी मुलाचा पगार ठरावीक रकमेच्या वर लागतो, विमा काढावा लागतो, आणि परवाना एका वर्षाचा. म्हाताऱ्या माणसाचा विमा महाग.

"निवृत्त लोकांसाठी आता वेगळा व्हिसा आहे ना?" मी विचारलं. आहे. ५५ वर्षांवरच्यांना पाच वर्षांचा मिळतो. पण त्यासाठी १० लाख दिरहमची मालमत्ता, नाहीतर तेवढी शिल्लक, नाहीतर दरमहा मोठं उत्पन्न दाखवावं लागतं. १० लाख दिरहम म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. क्रेनच्या मेकॅनिकनं ते कुठून आणायचे?

"त्यांनी इथं पंचवीस वर्षं काढली," ती म्हणाली. "शेवटच्या आजारात त्यांना या समुद्राचीच आठवण यायची. अलिबागचा समुद्र समोर होता, तरी म्हणायचे, त्या बाकावर जाऊन बसू. कुठला बाक विचारलं तर हाच."

आम्ही बसलो होतो तोच तो बाक.

मी त्या देशाला नावं ठेवत नाही. त्यांनी कुणाला फसवलेलं नाही, करार पहिल्या दिवसापासून हाच आहे. काम द्या, पगार घ्या, काम संपलं की घरी जा. लाखो माणसांनी त्या पगारावर कोकणात, केरळात घरं बांधली, बहिणींची लग्नं केली. आपल्या नागरिकांतल्या म्हाताऱ्यांची शारजाचं समाजसेवा खातं घरी जाऊन काळजी घेतं, हेही मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. पण गाव उभं करणाऱ्यांना त्या गावात म्हातारं होता येत नाही, हे मनाला लागलं खरं.

मग दिमोनाचं काय?

ती म्हणाली, "आता तुझं सांग. तुझ्या दिमोनात काय आहे?"

काय सांगणार? दिमोनात समुद्र नाही. धबधबा नाही, नळाचासुद्धा नाही. १९५५ साली मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांना ट्रकमधून आणून माळावर उतरवलं, तिथून गावाची सुरुवात. आम्ही आलो तेव्हाही धूळ इतकी, की आई सकाळी झाडायची आणि दुपारी परत झाडायची. बाबा मुंबईत कारकून होते, इथं कापडाच्या गिरणीत रात्रपाळीला लागले. आई महिनाभर रडली. "कुठं आणून टाकलंत?" एवढंच म्हणायची. हिब्रू येत नव्हतं, भाजीवाल्याला बोटानं दाखवायचं. कुणी आमच्या रंगावरून बोललं, तेही गिळलं.

पण कुणी आम्हाला विचारलं नाही, की तुम्ही किती वर्षं राहणार? गिरणीतलं काम संपलं, बाबा राहिले. म्हातारपणी बितुआह लेउमीची पेन्शन आली, थोडी का होईना, दर महिन्याला. हळूहळू आमची माणसं वाढली, मसाल्याची दुकानं झाली, भेळ आणि समोसे मिळू लागले. लोक गावाला 'छोटा हिंदुस्थान' म्हणू लागले. बाबा आणि आई दोघंही तिथल्याच मातीत आहेत. जिला आई शिव्या द्यायची, तीच माती.

हे सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण मैत्रिणीनं माझा हात धरला. म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडे बाक वाईट, पण तुझा."

मी हसले. "बाक खरंच वाईट आहे. एक फळी मोडलीये."

परत आल्यावर

परत येऊन मी आमच्या बाकावर हे सगळं सांगितलं. एकीनं विचारलं, "मग चांगलं कुठलं, ते की हे?" मी म्हणाले, सोयींत ते पुष्कळ पुढं आहे, यात शंका नाही. त्यांच्याकडून आपण शिकावं. चालायला सपाट वाट, जागोजागी सावली, बाक, आणि जवळ इस्पितळ, या गोष्टी वाळवंटातल्या आमच्या गावालाही मिळाल्या पाहिजेत. मागितल्याशिवाय मिळत नाहीत, तेव्हा मागू या. पण सगळ्यांत मोठी सोय बांधता येत नाही. उद्या सकाळीही मी इथंच असेन, हे कुणाला न विचारता माहीत असणं, ती खरी सोय.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, आपण इथं ओढाताणीत आयुष्य काढलं, काय मिळालं? मलाही वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. आजी-आजोबांना विचारा, ते या गावात पहिल्या दिवशी आले तेव्हा कुठं बसले होते? दगडावर, पेटीवर की जमिनीवर? आणि लिहून ठेवा. आम्ही गेल्यावर विचारायला कुणी नसेल.

मैत्रिणीचा परवाना त्या वर्षी पुन्हा एका वर्षासाठी मिळाला. हिवाळा मुलाकडे आणि पावसाळा अलिबागला, असं तिनं ठरवलंय. आमचा फोन शुक्रवारी सकाळी असतो, मी शाब्बाथचा स्वयंपाक करताना. ती तिच्या बाकावरून बोलते, मागून समुद्राचा आवाज येतो. मग मी आमच्या बाकावरच्या भांडणांची बातमी देते.

मोडलेली फळी नगरपालिकेनं अजून बसवलेली नाही. अर्ज दिलाय.